शब्दांचे रंग : बालकवि ठोमरे

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म खानदेशांत धरणगांवीं १८९० सालीं झाला. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्यांची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यांस 'बालकवि' ही पदवी दिली. पुढें रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरीं त्यांस मायेचा आश्रय लाभला.

त्यांच्या 'औदुंबर' या आठच ओळींच्या कवितेंत प्रथम हिरवा-निळा, मग पांढरा, अखेर काळा रंग येतो. ल-ळ यांचा मृदु नाद झऱ्यासारखा वाहतो. डोहापाशीं मात्र उल्हास मावळून गंभीर शांति उरते.

५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून सत्ताविसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. विद्यार्थीमित्रहो, ही कविता मुळामुठेच्या कांठीं एकदां मोठ्यानें म्हणा. अर्थाआधीं कानच ती ओळखतील.