कॅसिनो उद्योगाला प्रतिष्ठा देणारे हॉवर्ड ह्यूज

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. तथापि, पुढील काही दशके लास व्हेगासमधील अनेक कॅसिनोंवर गुन्हेगारी टोळ्यांचा वरचष्मा राहिला. या उद्योगाची प्रतिमा बदलण्यात उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांचा मोठा वाटा होता.

ह्यूज यांचा जन्म १९०५ मध्ये टेक्सास राज्यात झाला. तेलविहिरी खोदण्याची अवजारे बनविणारी वडिलांची कंपनी त्यांना ऐन तारुण्यात वारशाने मिळाली. पुढे त्यांनी चित्रपटनिर्मिती आणि विमान उद्योगात नाव मिळविले. १९३८ मध्ये त्यांनी सुमारे ९१ तासांत विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. मात्र १९४६ मधील भीषण विमान अपघातानंतर वेदनाशामक औषधांचे व्यसन आणि जंतूंविषयीची पराकोटीची भीती यांमुळे ते हळूहळू एकांतवासात गेले.

ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्समधील समभाग विकून आलेले सुमारे ५४ कोटी ६० लाख डॉलर हाती असताना, नोव्हेंबर १९६६ मध्ये ते लास व्हेगासला आले आणि डेझर्ट इन हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर राहू लागले. व्यवस्थापनाने मोठ्या रकमा लावणाऱ्या जुगाऱ्यांसाठी जागा रिकामी करण्यास सांगताच त्यांनी १९६७ मध्ये ते हॉटेलच विकत घेतले. त्यानंतर सँड्स, फ्रंटियर, कॅस्टअवेज, सिल्व्हर स्लिपर आणि लँडमार्क यांची भर पडली. स्टारडस्ट खरेदीचा बेत मात्र मक्तेदारीविरोधी आक्षेपामुळे सोडावा लागला.

ह्यूज कोणत्याही अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष हजर झाले नाहीत, तरीही त्यांना परवाने मिळाले. टोळ्यांऐवजी नामांकित भांडवलदार येत असल्याचे राज्यकर्त्यांना समाधान होते. १९६७ व १९६९ मधील कायदेबदलांनी प्रत्येक भागधारकाच्या परवान्याची अट शिथिल केली आणि सार्वजनिक कंपन्यांना कॅसिनो चालविण्याचा मार्ग मोकळा झाला.

ह्यूज यांनी स्वतः नवा कॅसिनो उभारला नाही. तसेच त्यांच्या येण्याने टोळ्यांचा प्रभाव लगेच संपलाही नाही. परंतु ज्या व्यवसायापासून प्रतिष्ठित भांडवल दूर राहत होते, त्याला त्यांच्या नावाने मान्यता मिळवून दिली.

नोव्हेंबर १९७० मध्ये त्यांनी गुपचूप लास व्हेगास सोडले. ५ एप्रिल १९७६ रोजी ह्यूस्टनला नेले जात असताना विमानातच त्यांचे निधन झाले. डेझर्ट इनच्या जागेवर २००५ मध्ये एका सार्वजनिक कंपनीचे भव्य कॅसिनो-हॉटेल सुरू झाले.