बोटांवरच्या गाठींवरून हृदयाचं दुखणं ओळखणारा डॉक्टर

नाक टोचलं, टॅटू काढला आणि काही दिवसांनी ताप येऊ लागला. बोटांच्या टोकांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. वाटतं, त्वचेचंच काहीतरी असेल. पण ही हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची खूण असू शकते. या गाठींना ज्यांचं नाव मिळालं, ते डॉक्टर म्हणजे विल्यम ऑस्लर.

१२ जुलै १८४९ रोजी कॅनडातल्या बाँड हेड गावात, एका धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले आणि विद्यार्थ्यांना वर्गातून थेट रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवू लागले.

जखमेतून रक्तात शिरलेले जंतू हृदयाच्या झडपेवर, विशेषतः आधीच खराब असलेल्या झडपेवर, ठाण मांडतात. या आजारावर ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनला व्याख्यानं दिली. तेव्हा ना इको होतं, ना प्रतिजैविकं. डॉक्टरांचा भरवसा डोळ्यांवर, हातांवर आणि कानांवर. १९०९ मध्ये त्यांनी या दुखऱ्या गाठींचं महत्त्व मांडलं, पण त्या आपल्याला आधी हॅमिल्टनच्या डॉ. मलिन यांनी दाखवल्या, हेही सांगून टाकलं. तळहातावर, तळपायावर येणारे न दुखणारे लाल डाग मात्र अमेरिकेच्या डॉ. जेनवे यांच्या नावाने ओळखले जातात.

आजार ओळखता येत होता, पण रुग्ण वाचवता येत नव्हता. १९१७ मध्ये ऑस्लर यांचा २१ वर्षांचा एकुलता एक मुलगा रेव्हर पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचं निधन झालं. या आजारावर चालणारं पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचलं ते १९४० च्या दशकात.

आज उपचार आहेत, पण वेळेत पोहोचायला हवं. या गाठी प्रत्येक रुग्णात दिसतातच असं नाही. म्हणून झडपेचा आजार असेल किंवा झडप बदललेली असेल, तर टोचून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. नंतर ताप हटत नसेल, तर मनाने प्रतिजैविकं घेऊ नका. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. दवाखाना करमाडचा असो की मुंबईचा, टोचून घेतल्याचं लपवू नका आणि हात पुढे करून बोटं दाखवा.