अण्णासाहेब किर्लोस्कर : अनुकरणातून नवनिर्मिती

स्नेहसंमेलनासाठी नाटुकले बसविताना कोणी एखाद्या मोठ्या नटाची ढब उचलली, की आम्ही त्यास नकल्या म्हणून हसतो. परंतु मराठी संगीत नाटकाचा पाया ज्यांनी घातला, त्यांनीही आरंभ अनुकरणानेच केला होता. ते थोर पुरुष आमच्या वडगावास परके नव्हेत. ते याच बेळगाव जिल्ह्यातील होत.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर या कानडी मुलुखातील गावी झाला. त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केले. उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ हा त्यांच्यापुढील नमुना होता.

अण्णासाहेब विद्यार्जनासाठी पुण्यास गेले; पण नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्याच्या नादात अभ्यास मागे पडला. पुढे त्यांनी बेळगावी शिक्षकाची व नंतर सरकारी कचेरीत नोकरी केली. १८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा संगीतमय खेळ पाहिला. असे नाटक मराठीत का असू नये, या विचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगले.

कथा कालिदासाची, कल्पना पारशी खेळावरून सुचलेली. मग अण्णासाहेबांचे स्वतःचे ते काय? भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गात असे. अण्णासाहेबांनी ती पात्रांच्याच मुखी घातली, आणि गद्य संवादांशी त्यांचा मेळ साधला. साकी, दिंडी, लावणी अशा ओळखीच्या चालींमुळे ही गाणी लोकांना आपलीच वाटली. १८८२ साली ‘सौभद्र’ आले आणि घरोघरी त्यातील पदे गुणगुणली जाऊ लागली.

‘रामराज्यवियोग’ अपुरे ठेवून २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. परंतु त्यांचे बेळगावचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी तोच घाट उचलून १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणले, आणि बाला-वृद्ध विवाहाच्या दुष्ट रूढीवर प्रहार केला. गुरूने पुराणकथेसाठी घडविलेले साधन शिष्याने समाजसुधारणेस लाविले. इकडे मराठी मंडळ्यांचे खेळ पाहून धारवाड-हुबळीकडे कानडी नाटकमंडळ्यांसही चालना मिळाली. कर्कीकरांचे ऋण असे फिटले.

आम्हांस वाटते, दुसऱ्याचे चांगले ते उचलण्यात कमीपणा नाही. त्यात स्वतःची भर न घालता थांबण्यात मात्र आहे. पुढील संमेलनात एखाद्या नकल्यास हसण्यापूर्वी आम्ही एवढे अवश्य पाहू, की त्याने आपले असे काय घातले आहे.