येहुदाचा मुलगा

आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव ओघानेच येते. ज्यू परंपरेत या वडिलांच्या नावाला फार मोठा मान आहे. सिनॅगॉगमध्ये धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावताना, लग्नाच्या करारात, थडग्यावरच्या दगडावर माणूस ओळखला जातो तो 'अमक्याचा मुलगा तमका' असा. मधला 'बेन' म्हणजे मुलगा. युरोपातल्या बहुतेक ज्यूंना आडनावे मिळाली ती सरकारी हुकमाने. ऑस्ट्रियाचा हुकूम १७८७चा, रशियाचा १८०४चा.

हिब्रू पुन्हा बोलती करणारा एलिएझर बेन येहुदा जगाला ठाऊक आहे. मला मात्र त्याच्या नावाची गोष्ट अधिक ओढून घेते.

तो जन्मला १८५८ साली, आजच्या बेलारूसमधल्या लुझ्की गावात. आडनाव पर्लमन, थेट जर्मन वळणाचे. तो पाचएक वर्षांचा असतानाच वडील येहुदा लेब वारले. १८७९ साली एका हिब्रू मासिकात त्याचा गाजलेला लेख आला, त्याखाली सही होती 'बेन येहुदा', येहुदाचा मुलगा. प्रार्थनेत आणि थडग्यावर शोभणारे रूप त्याने रोजच्या व्यवहाराचे आडनाव करून टाकले. ज्या बापाचा सहवास जेमतेम लाभला, त्याचेच नाव आयुष्यभर मिरवले!

१८८१ मध्ये तो जेरुसलेमला आला. पुढच्या वर्षी मुलगा झाला, नाव बेन झिऑन. या पोराच्या कानावर हिब्रूखेरीज शब्द पडू द्यायचा नाही, असा बापाचा दंडक. शतकानुशतके प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिलेल्या भाषेत बाहुलीला शब्द नव्हता, आइस्क्रीमला नव्हता, शब्दकोशालाही नव्हता. ते त्याने घडवले. पण त्या भाषेत खेळायला सवंगडी कुठून आणायचे? मला या हट्टाचे कौतुक वाटते, आणि त्या एकट्या पोराची कणवही येते. जेरुसलेमच्या कर्मठांना देवाची भाषा स्वयंपाकघरात आलेली खपली नाही. त्यांनी त्याला वाळीत टाकले.

पत्नी देव्होरा १८९१ साली क्षयाने गेली. पाठोपाठ तीन मुले घटसर्पाने दगावली. मग देव्होराची धाकटी बहीण पाउला त्याच्याशी लग्न करून आली आणि हेमदा झाली. लग्नात नाव बदलण्याची रीत आपल्याला नवी नाही. इथे नावाबरोबर घरातली भाषाही बदलायची होती.

जाता जाता आपल्या कोकणातले बेने इस्रायल आठवतात. त्यांच्या नावातला 'बेने' हे त्याच 'बेन'चे अनेकवचन. त्यांनी गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे घेतली, घरात मराठी बोलले आणि तरीही शब्बाथ पाळत ज्यूच राहिले. ओळख जपायला त्यांना घरची भाषा टाकावी लागली नाही. बेन येहुदाला हे पटले असते असे मला वाटत नाही.

१९२२ साली ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूलाही राजभाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो गेला. त्याचा सतरा खंडांचा शब्दकोश पुरा व्हायला १९५९ उजाडले.

बेन झिऑन मोठा होऊन पत्रकार झाला. त्यानेही नाव बदलले, इतामार बेन अवी. 'अवी' म्हणजे 'माझा बाप'. आणि हिब्रूत त्या शब्दाची तीन अक्षरे आहेत अलेफ, बेत, योद. एलिएझर बेन येहुदा या नावाची आद्याक्षरे.