लेन्समधली धूळ आणि जॉन टिंडल: कवडशातले कण ओळखणारा माणूस

कॅमेऱ्याच्या झूम लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च मारून बघितलंय कधी? पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास धक्का बसतो. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या लेन्सच्या आत शेकडो पांढरे ठिपके चमकत असतात. मग लगेच स्क्रू-ड्रायव्हर शोधायला सुरुवात होते. थांबा! हे ठिपके चमकतात त्याला शाळेच्या पुस्तकात टिंडल परिणाम म्हणतात. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, त्या माणसाची बरीच वर्षं धुळीशी झगडण्यात गेली. त्याची गोष्ट वाचा आणि मग ठरवा, लेन्स उघडायची की नाही.

नोकरीवरून काढलेला पोरगा

जॉन टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधल्या लेलिनब्रिज या छोट्या गावात झाला. वडील साधे पोलीस शिपाई. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे कॉलेज वगैरे लांबच राहिलं. १८३९ मध्ये ते सरकारी जमीन मोजणी खात्यात नकाशे काढायला लागले. पुढे इंग्लंडमध्ये बदली झाली. तिथल्या पगाराबद्दल आणि वागणुकीबद्दल त्यांनी आवाज उठवला आणि १८४३ मध्ये नोकरी गेली.

मग रेल्वेच्या मोजणीची कामं केली, शाळेत शिकवलं. १८४८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, साठवलेले पैसे घेऊन ते जर्मनीतल्या मारबुर्गला शिकायला गेले. तिथे बुन्सेन त्यांचे शिक्षक होते. हो, प्रयोगशाळेतल्या बर्नरवाले तेच! दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवली. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले आणि मायकेल फॅरेडे यांचे सहकारी बनले. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णता शोषून घेतात, हे त्यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत मोजून दाखवलं. १८६१ मध्ये आल्प्समधलं वाइसहॉर्न शिखर सर्वात आधी चढणाऱ्यांतही ते होते.

काळा धूर, जो धूर नव्हताच

१८६८ च्या सुमारास टिंडल वायूंमधून प्रकाशाचा झोत सोडून प्रयोग करत होते. त्यासाठी अगदी स्वच्छ हवा हवी होती. पण नळीत घेतलेल्या हवेत कण चमकतच राहायचे. हवा तीव्र आम्लातून नेली, तरी कण तसेच. शेवटी त्यांनी ती स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून नेली आणि कण गायब झाले! म्हणजे ते जळून गेले. याचा अर्थ, त्यातले बरेचसे कण मातीचे नव्हते, सजीवांपासून आलेले होते.

मग त्यांनी प्रकाशझोताखाली ज्योत धरली. झोतात काळ्या धुराचे लोट उठल्यासारखे दिसले. पण तो धूर नव्हता, ती धूळ नसलेली हवा होती. कण नसले की प्रकाश बाजूला फेकला जात नाही, म्हणून झोत तेवढ्या जागी दिसेनासा होतो. आपल्या घरात कौलातून कवडसा पडतो ना, तो दिसतो तोही धुळीमुळेच.

लेन्सचंही तसंच आहे. टॉर्चच्या तिरक्या उजेडात बारीकसा कणही मोठा दिसतो. पण फोटो काढताना फोकस दूरच्या वस्तूवर असतो. काचेवरचा कण इतका जवळ असतो की त्याची आकृती उमटतच नाही, फक्त जरासा प्रकाश अडतो. थोड्या धुळीने फोटो बिघडत नाही. सूर्य किंवा दिवा थेट समोर असेल आणि धूळ खूप असेल, तर मात्र फोटो धुरकट येऊ शकतो. प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा डाग दिसत असेल, तर बहुतेक वेळा ती धूळ लेन्समध्ये नसून सेन्सरवर असते.

ग्लिसरीनची पेटी

जानेवारी १८७० मध्ये टिंडल यांनी धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिलं. हवेतल्या कणांबरोबर रोगाचे जंतूही फिरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पण हेन्री चार्ल्टन बॅस्टियन या डॉक्टरांचा दावा वेगळा होता. जंतू आपोआप तयार होतात, असं ते सांगत. वाद साधा नव्हता. जखमा का सडतात, हा प्रश्न त्यात अडकला होता.

टिंडल यांनी काचेच्या खिडक्या असलेली एक बंद पेटी बनवली. आतून ग्लिसरीन लावलं आणि ती काही दिवस हलवली नाही. धूळ खाली बसली, चिकटली, आणि आत सोडलेला झोत दिसेनासा झाला. मग आतल्या नळ्यांमध्ये मांसाचा, भाज्यांचा अर्क भरून उकळला. तो टिकला. बाहेरच्या साध्या हवेत ठेवलेला तसाच अर्क मात्र सडला.

धूळ नसलेली जागा हवी तर एवढा खटाटोप लागतो. आपल्या खोलीत पंखा फिरतोय, चादर झटकली जातेय, तिथे लेन्स उघडली तर जाईल त्यापेक्षा जास्त धूळ आत येईल. शिवाय काचा जराशा सरकल्या तरी फोटोची एक बाजू अस्पष्ट येते. झूम करताना नळी लांब होते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, त्यामुळे थोडी धूळ येणारच. व्हॅक्यूम क्लीनर लावून ती ओढायचे जुगाड तर नकोच. बाहेरची काच रबरी ब्लोअरने साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

वाळलेल्या गवताने हरवलं

१८७६ च्या शेवटी टिंडल यांचेच प्रयोग फसायला लागले. उकळलेले अर्क सडू लागले. आता बॅस्टियन बरोबर ठरणार का? कारण निघालं प्रयोगशाळेत आणलेलं वाळलेलं गवत. त्यातल्या जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नव्हते. टिंडल यांनी प्रयोग क्यूच्या बागेतल्या प्रयोगशाळेत हलवले. शेवटी १८७७ मध्ये उपाय सापडला. एकदाच खूप उकळण्याऐवजी मध्ये वेळ सोडून थोडं थोडं, अनेकदा तापवायचं. मधल्या वेळात बीजाणू रुजतात आणि पुढच्या वेळी मरतात. या पद्धतीला आजही टिंडलायझेशन म्हणतात.

लेन्समध्येही धुळीपेक्षा बीजाणूंचीच भीती जास्त. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ओल मिळाली की रुजतात. सुटे ठिपके असतील तर ती धूळ, विसरून जा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाऊ शकते, त्यामुळे लेन्स लगेच चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

शेवट

टिंडल यांना झोप लागत नसे, म्हणून ते क्लोरल हे औषध घ्यायचे. ४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नी लुईसा यांनी नजरचुकीने दुसऱ्या औषधाऐवजी क्लोरलचा मोठा डोस दिला आणि त्यातच ते गेले. लुईसा पुढे ४६ वर्षं जगल्या. त्यांच्या चरित्रासाठी कागदपत्रं गोळा करत राहिल्या, पण ते पुस्तक त्यांच्या हयातीत निघालं नाही. १८४५ च्या सुमारास रेल्वेची मोजणी करणारा हा माणूस आज आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे, आणि टॉर्च मारला की लेन्समध्येही दिसतो.