एका कॅमेऱ्यासाठी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब या नावाने ओळखू लागला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण इत्यादी कलांचे शिक्षण घेतले. लोणावळ्यास त्यांनी छापखाना काढला. छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ साली ते जर्मनीसही जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे जम बसलेला तो धंदा त्यांनी सोडला.

अशा अडचणीच्या काळात मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची मूर्ती हलत होती आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथा आपणच पडद्यावर आणाव्यात, या ध्यासाने त्यांना झपाटले. चित्रपट पाहणे, पुस्तके वाचणे, प्रयोग करणे यांत रात्रीचा दिवस झाला. त्याचा ताण डोळ्यांवर पडला आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. औषधोपचारांनी ती परत आली. ध्यास मात्र तसाच राहिला.

चित्रपटाची यंत्रसामग्री विलायतेहून आणणे भाग होते. हाती पैसा नव्हता. दादासाहेबांनी आपल्या आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढले. घरी पत्नी सरस्वतीबाई आणि लहान मुले. उद्योग फसला असता, तर त्या सर्वांचा आधारच तुटला असता. तरीही सरस्वतीबाईंनी पतीला धीर दिला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी दादासाहेब लंडनला निघाले.

समुद्रप्रवास संपला, खरी कसोटी पुढेच होती. त्या अफाट नगरीत त्यांना वाट दाखविणारे कोणी नव्हते. कडाक्याच्या थंडीचे दिवस, नुकतीच सावरलेली दृष्टी आणि कर्जाने आणलेला मोजका पैसा! चित्रपटाची सामग्री कोठे मिळेल, ती कशी पारखावी, हे कोणाला विचारावे? रस्त्याने हिंडत असता एके ठिकाणी त्यांना 'बायोस्कोप' या साप्ताहिकाची पाटी दिसली. मुंबईत असताना ते हेच साप्ताहिक वाचीत असत. ते तडक आत शिरले व संपादक कॅबॉर्न यांना भेटले.

संपादकांनी त्यांना प्रथम परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. या धंद्यात इंग्लंडातच अनेकांचे हात पोळले होते. शिवाय हिंदुस्थानचे हवामान चित्रपटनिर्मितीस अनुकूल नाही, असे त्यांचे मत होते. एखादा दुसरा तेथूनच माघारी फिरला असता. दादासाहेबांनी आपला अभ्यास व आपली योजना इतक्या तळमळीने सांगितली, की अखेर संपादकांचे मन वळले. त्यांनी दादासाहेबांची सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत चित्रपट कसा तयार होतो, हे दादासाहेबांनी प्रत्यक्ष पाहिले. मग विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र व कोरी फिल्म यांची खरेदी करून ते एप्रिल १९१२ मध्ये मायदेशी परतले.

आता सारे घरच कामाला लागले. फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई शिकल्या. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने लुगडे नेसून ती भूमिका केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि लोकांची रीघ लागली.

त्यानंतर दादासाहेबांनी अनेक चित्रपट काढले. यश व अपयश दोन्ही त्यांच्या वाट्यास आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. त्या सन्मानामागे लंडनच्या रस्त्यावरून एकट्याने केलेली ती वणवण आहे आणि मुंबईच्या घरात धीराने वाट पाहणाऱ्या सरस्वतीबाईही आहेत.