विश्लेषण : देशांच्या वरचा कायदा युरोपात आला कुठून? रॉबर्ट शुमान नावाच्या वकिलाची गोष्ट

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ मधून जुने लाइटनिंग पोर्ट गेले आणि टाइप-सी आले. त्यामागे युरोपीय महासंघाचा एक कायदा होता. युरोपात विकायच्या नव्या फोनना २८ डिसेंबर २०२४ पासून एकाच प्रकारचे चार्जिंग पोर्ट त्याने सक्तीचे केले. कंपनीने वेगळे मॉडेल काढले नाही, त्यामुळे पुण्या-नाशकात विकला जाणारा फोनही बदलला. त्याआधीचा अनुभव कोकणाला आहे. फळमाशी सापडल्याचे कारण देत महासंघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली आणि ऐन हंगामात हापूससाठी २८ देशांची दारे एकदम बंद झाली. ब्रिटन तेव्हा महासंघात होता. लंडनमध्ये भारतीय ग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, तरी ब्रिटिश सरकारला आपल्यापुरता वेगळा निर्णय घेता आला नाही. बंदी उठली २०१५ च्या सुरुवातीला.

आज महासंघात २७ देश आहेत. प्रत्येकाची स्वतःची संसद, पोलीस आणि न्यायालये आहेत. तरीही ब्रसेल्समध्ये ठरलेला कायदा ते पाळतात. का पाळतात, याचे उत्तर कलमांत शोधण्यापेक्षा हा पाया घालणाऱ्या वकिलाच्या आयुष्यात शोधणे सोपे आहे. नाव रॉबर्ट शुमान. (याच नावाचे जर्मन संगीतकार वेगळे. गुगलवर आधी तेच सापडतात.)

जन्म लक्झेंबर्गचा, नागरिकत्व जर्मन

शुमान यांचा जन्म २९ जून १८८६ रोजी लक्झेंबर्ग शहराच्या क्लाउसेन या भागात झाला. वडील लॉरेन प्रांतातले, म्हणजे जन्माने फ्रेंच. पण १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, लॉरेनचा काही भाग आणि अल्सास जर्मनीकडे गेले आणि वडील गाव न बदलता जर्मन नागरिक झाले. आई लक्झेंबर्गची. घरात लक्झेंबर्गी बोली, शाळेत जर्मन आणि फ्रेंच. वडिलांमुळे मुलगाही जन्मतः जर्मन ठरला.

बॉन, म्युनिक, बर्लिन आणि स्ट्रासबर्ग येथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. १९११ मध्ये आई अपघातात गेली. वडील त्याआधीच गेले होते. अत्यंत धार्मिक असलेल्या या तरुणाच्या मनात धर्मगुरू होण्याचा विचार होता, पण पुढच्याच वर्षी त्यांनी लॉरेनमधल्या मेत्झ शहरात वकिली सुरू केली. त्यांनी लग्न केले नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि सीमा पुन्हा सरकली. मेत्झ फ्रान्सचे झाले आणि शुमान वयाच्या तिशीत फ्रेंच झाले. १९१९ च्या निवडणुकीत ते फ्रेंच संसदेत पोहोचले.

एका प्रांतात दोन कायदे

शुमान यांच्या चरित्रात हा भाग अनेकदा दोन ओळींत संपवला जातो. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

अल्सास आणि लॉरेनचा मोझेल जिल्हा जवळजवळ ४८ वर्षे जर्मन कायद्याखाली होता. घरखरेदी, वारसा, दुकानाची नोंदणी, नगरपालिका, कामगार विमा असे सारे जर्मन पद्धतीने चाललेले. आता पॅरिस म्हणत होते, फ्रेंच कायदा लावा. पण लोकांना सगळेच बदलून नको होते. बिस्मार्कच्या काळापासून तिथल्या कामगारांना आजारपणाचा विमा होता आणि फ्रान्समध्ये त्या तोडीचे काहीच नव्हते. देशाशी एकरूप व्हायचे म्हणून हातातला हक्क सोडायचा का? जर्मन कायदा शिकलेल्या या फ्रेंच खासदाराने त्यावर वर्षानुवर्षे काम केले. कलमामागून कलम तपासायचे, काय ठेवायचे, काय बदलायचे, दोन्ही पद्धती कुठे जोडायच्या हे ठरवायचे. अत्यंत कंटाळवाणे काम, बातमी होण्यासारखे काहीच नाही. दोन जुन्या सॉफ्टवेअर सिस्टीम एकत्र आणण्याचे काम ज्याने केले असेल त्याला याची कल्पना येईल.

१९२४ मध्ये तिथे फ्रेंच नागरी कायदा आणण्याचे विधेयक मंजूर झाले, मात्र स्थानिक अपवाद राखून. ते अपवाद आजही आहेत. मेत्झ आणि स्ट्रासबर्गमध्ये २६ डिसेंबरला सुट्टी असते, पॅरिसमध्ये नसते. आरोग्य विम्याची वेगळी स्थानिक व्यवस्थाही टिकून आहे.

या कामातून शुमान यांना एक गोष्ट हाताळून कळली. एका भूमीवर एकाच सार्वभौम सत्तेचा एकच कायदा असायला हवा असे नाही. नेमके कोणत्या विषयात कोणाचे चालेल हे लिहून ठेवले, तर दोन कायदे शेजारी नांदतात.

१९४० : एक मत आणि एक अटक

मार्च १९४० मध्ये शुमान निर्वासितांच्या प्रश्नासाठी उपमंत्री झाले. जूनमध्ये फ्रान्स कोसळला. १० जुलै रोजी विशी येथे जमलेल्या संसदेने मार्शल पेतां यांच्या हाती सर्वाधिकार दिले. बाजूने मत देणाऱ्या शेकडो सदस्यांत शुमानही होते. त्यांच्या गौरवलेखांत हे सहसा सापडत नाही, पण ते टाळता येत नाही. संसदेने रीतसर मतदान करून लोकशाही गुंडाळली आणि कायद्याचा हा जाणकार त्यात सामील होता.

त्यानंतर ते मेत्झला परतले. सप्टेंबरमध्ये गेस्टापोने त्यांना अटक केली. सुमारे सात महिने तुरुंगात, मग जर्मनीतील नॉयश्टाट गावी नजरकैद. ऑगस्ट १९४२ मध्ये ते तिथून निसटले आणि उरलेले युद्ध फ्रान्समध्ये मठांत, ओळखीच्या घरांत लपून काढले. युद्धानंतर पेतां प्रकरणामुळे त्यांचे राजकारण संपण्याची वेळ आली होती. जनरल द गॉल यांच्या हस्तक्षेपानंतर १९४५ मध्ये ते प्रकरण मिटले. मग चढती कमान : १९४६ मध्ये अर्थमंत्री, १९४७-४८ मध्ये काही महिने पंतप्रधान आणि जुलै १९४८ पासून परराष्ट्रमंत्री.

९ मे १९५० ला काय घडले?

जर्मनीचे काय करायचे, हा तेव्हाचा प्रश्न. रूर खोऱ्यातला कोळसा आणि पोलाद म्हणजे तोफा आणि रणगाडे. पहिल्या युद्धानंतर जर्मनीला दाबून ठेवण्याचा प्रयोग झाला होता आणि त्याचा शेवट हिटलरमध्ये झाला. फ्रान्सच्या नियोजन आयोगाचे प्रमुख जाँ मोने यांनी वेगळा आराखडा केला. दोन्ही देशांचे कोळसा-पोलाद एका सामाईक संस्थेच्या अधिकाराखाली आणायचे, इतर देशांनाही दार उघडे ठेवायचे. मसुद्यात कायद्याचे प्राध्यापक पॉल रॉइटर यांचा हात होता. एप्रिलअखेरच्या शनिवार-रविवारी शुमान तो मसुदा मेत्झजवळच्या सी-शाझेल येथील आपल्या घरी घेऊन गेले आणि परतताना होकार घेऊनच आले.

पुढचे सारे गुपचूप झाले. जर्मन चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांची संमती दूतामार्फत आली, फ्रेंच मंत्रिमंडळाला अगदी शेवटच्या टप्प्यावर सांगितले गेले. ९ मे च्या संध्याकाळी परराष्ट्र मंत्रालयाच्या दालनात शुमान यांनी पत्रकारांसमोर घोषणा वाचली. लोकशाही युरोपचा पाया जनतेला न विचारता घातला गेला, ही टीका तेव्हापासून आजवर चालू आहे आणि ती खोटी म्हणता येत नाही. मात्र आधी चर्चा झाली असती, तर युद्ध संपून पाचच वर्षे झालेल्या फ्रान्समध्ये ही योजना टिकली असती का, याचीही शंकाच आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी करारावर सह्या केल्या. ब्रिटन बाहेर राहिला. करारातली नवी गोष्ट होती न्यायालय. देशांनी एकमेकांना वचने देण्याचे करार इतिहासात खंडीभर आहेत. इथे वचन मोडले तर दावा लावायची सोय होती आणि निकाल बंधनकारक होता. गंमत म्हणजे या न्यायालयाने पहिला निकाल दिला तो २१ डिसेंबर १९५४ रोजी, फ्रान्स सरकारने त्याच सामाईक संस्थेविरुद्ध लावलेल्या दाव्यात. संस्था हरली.

हा कायदा चालतो कसा?

सर्वांत वर देशांनी केलेले करार. करारांनी ज्या विषयांचे अधिकार दिले, तेवढ्यातच महासंघाला कायदा करता येतो : व्यापार, स्पर्धा, शेती, पर्यावरण, ग्राहकहित वगैरे. शाळेत काय शिकवायचे, हे देशच ठरवतो. कायद्याचा प्रस्ताव आयोग मांडतो. तो साधारणपणे युरोपीय संसद आणि देशांच्या मंत्र्यांची परिषद मिळून मंजूर करतात.

पुढचे प्रकार फोनच्या भाषेत सांगता येतील. रेग्युलेशन म्हणजे सर्व फोनवर एकदम येणारे अपडेट. डेटा संरक्षणाचा जीडीपीआर हा असा कायदा २५ मे २०१८ पासून सर्व देशांत जसाच्या तसा लागू झाला. डायरेक्टिव्ह म्हणजे स्पेसिफिकेशन : काय साध्य करायचे आणि कधीपर्यंत, ते ठरलेले. त्यासाठीचा कायदा प्रत्येक देशाने आपापल्या संसदेत करायचा. चार्जरचा कायदा या प्रकारातला. तिसरा प्रकार म्हणजे ज्याच्या नावे काढला त्याच्यावरच बंधनकारक असलेला निर्णय. आंब्याची बंदी अशाच, सदस्य देशांना उद्देशून काढलेल्या निर्णयाने आली होती.

अंमलबजावणीसाठी महासंघाकडे ना पोलीस ठाणी आहेत, ना तुरुंग. ते काम देशांची सरकारे आणि न्यायालये करतात. तालुक्याच्या पातळीवरच्या न्यायाधीशालाही युरोपीय कायद्याच्या अर्थाबद्दल शंका आली, तर तो खटला थांबवून थेट लक्झेंबर्गच्या न्यायालयाला प्रश्न पाठवू शकतो. मिळालेले उत्तर त्याच्यावर बंधनकारक. युरोपीय कायद्याची खरी ताकद या टपालात आहे.

डच कस्टम्स आणि इटलीतले वीजबिल

शुमान जानेवारी १९५३ मध्ये परराष्ट्र खात्यातून गेले. सामाईक युरोपीय सैन्याची योजना ऑगस्ट १९५४ मध्ये त्यांच्याच देशाच्या संसदेने बुडवली. नंतर ते वर्षभर कायदामंत्री होते. १९५७ च्या रोम करारांवर त्यांची सही नाही. मात्र १९५८ मध्ये, आजच्या युरोपीय संसदेची पूर्वज असलेल्या सभेचे ते अध्यक्ष झाले आणि १९६० मध्ये पायउतार होताना त्या सभेने त्यांना युरोपचे जनक ठरवले. तब्येत तोवर ढासळली होती.

त्याच सुमारास, सप्टेंबर १९६० मध्ये, व्हान गेंड एन लूस या डच वाहतूक कंपनीने पश्चिम जर्मनीतून युरिया-फॉर्मल्डिहाइड हे रसायन आणले. डच कस्टम्सने वर्गवारी बदलून तीनऐवजी आठ टक्के शुल्क लावले. सदस्य देशांत आपसात शुल्क वाढवणार नाही, असे रोम कराराचे कलम होते. पण करार सरकारांनी सरकारांशी केलेला. त्याचा आधार एखाद्या कंपनीला घेता येईल का? प्रश्न लक्झेंबर्गला गेला. नेदरलँड्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनी या सहापैकी तीन सरकारांनी विरोध केला. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की करारातून नागरिकांनाही थेट हक्क मिळतात आणि देशांच्या न्यायालयांनी ते राखले पाहिजेत.

सात महिन्यांनी, ४ सप्टेंबर १९६३ रोजी, शुमान सी-शाझेलच्या घरी वारले.

दुसरा मोठा निकाल आला १५ जुलै १९६४ रोजी. मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्टा यांनी विजेच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून दोन हजार लिरांहूनही कमी रकमेचे बिल भरायला नकार दिला होता. कोस्टा यांच्या हाती फारसे काही लागले नाही, पण निकालातून तत्त्व आले : देशाचा कायदा आणि युरोपीय कायदा यांत विरोध असेल, तर युरोपीय कायदा वरचढ.

हे तत्त्व आजही करारांच्या मुख्य कलमांत नाही, लिस्बन कराराला जोडलेल्या एका निवेदनात आहे. ते नाराजांना बरोबर सापडते. न्यायालयाने स्वतःच स्वतःला हा अधिकार दिला, असा त्यांचा आक्षेप. मे २०२० मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने लक्झेंबर्गचा एक निकाल अधिकाराबाहेरचा ठरवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने मूळ करारांतली काही कलमेच पोलिश राज्यघटनेशी विसंगत असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात, न्यायाधीशांवर कारवाई करणारा विभाग बंद न केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने पोलंडला दिवसाला १० लाख युरोंचा दंड लावला. पोलंडने तो भरला नाही, तेव्हा आयोगाने ती रक्कम पोलंडला मिळणाऱ्या निधीतून कापायला सुरुवात केली. पोलंडने तो विभाग २०२२ मध्ये रद्द केला आणि एप्रिल २०२३ मध्ये दंड निम्म्यावर आला.